पुढच्या महिन्यात परत आणा

४ जून

बाई,

तुम्हाला काय म्हणायचं यावर मी दोन कागद फाडले, म्हणून आता सरळ बाई म्हणते. राग मानू नका, आणि मानलात तरी माझा इलाज नाही.

मी तुमची मुलगी. म्हणजे तुम्ही जन्माला घातलेली आणि संस्थेच्या हवाली केलेली. हे पत्र संस्थेतल्या बाईंमार्फत तुमच्याकडे येईल. तुमचं नाव, गाव, कामधंदा, मला काही सांगितलेलं नाही. तुमची इच्छा नसेल तर कधी सांगणारही नाहीत, असं त्या म्हणाल्या. बऱ्या आहेत बिचाऱ्या. चहा चांगला पाजला.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी लिफ्ट तपासते. लिफ्टच्या छपरावर उभं राहायचं, दोर बघायचे, ब्रेक लावून बघायचा आणि मग सही करायची, की ही माणसं न्यायला लायक आहे. लोक म्हणतात, बाईमाणसानं हे कसलं काम निवडलं! मी म्हणते, आत उभे असाल तेव्हा परत विचारा. लहानपण चांगलं गेलं. आई टेलिफोन खात्यात होती. बाबा गणित शिकवायचे, ते आता नाहीत. मला दत्तक घेतलंय हे तेराव्या वर्षी कळलं, तेही चुलतबहिणीनं भांडताना तोंडावर फेकलं म्हणून. त्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून कात्रीनं सगळे केस मुळापासून कापून टाकले. का, ते मलाही नीट माहीत नाही. या चेहऱ्यात आईचं काहीच नाही, मग हा आहे कुणाचा, ते बघायचं होतं बहुतेक. तेव्हापासून माझ्या डोक्याला मी कुणाला हात लावू देत नाही. माझे केस मीच कापते, आणि ते तसेच दिसतात.

आता मुद्दा. मला पाचवा महिना लागलाय. नवरा खूश आहे, आई तर हवेतच आहे. मी घाबरलेय. पोट वाढतंय आणि मला आत काहीच वाटत नाही. बाकीच्या बायका पोटावर हात ठेवून हसत बसतात. मी हात ठेवते आणि मला आठवतं, नळ बंद केला का? मग मनात येतं, जी बाई मूल देऊन टाकते आणि वळून बघत नाही, तिचंच रक्त आहे ना आपल्या अंगात. उद्या बाळ हातात आलं आणि तेव्हाही काही वाटलं नाही, तर त्या पोरानं काय करायचं?

म्हणून एकच विचारते. मला दिल्यावर तुम्ही मला कधी शोधलंत का? एकदा तरी? का दिलंत ते विचारत नाही, त्याला शंभर कारणं असतात. हो की नाही, एवढंच लिहा. खोटं लिहू नका. "परवाच तेलपाणी केलंय मॅडम" म्हणणारे मला रोज भेटतात, मला लगेच कळतं.

तुमची नाही आणि परकीही नाही,
अशी कुणीतरी


१९ जून

मुली,

पत्र लिहिण्यास कारण तुला माहीतच आहे, तेव्हा ते सोडून देते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिची वही वाचायला हिलाच बोलवा. सांभाळून घे.

आधी मला सांग, पाचवा महिना आणि तू अजून लिफ्टच्या छपरावर चढतेस? उतर बघू खाली! दोर दुसरं कुणीतरी बघेल. पाय सुजतात का? माझे एवढे सुजायचे की चपलेत मावायचे नाहीत. जळजळतं का? थोडं थोडं खा, पण खा. बाळंतपणानंतर केस पुंजक्यापुंजक्यानं गळतील, तेव्हा घाबरू नकोस. सगळ्यांचे गळतात आणि परत येतात. हे मी उगाच नाही सांगत.

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते लिहीत नाही, हसशील. "लहानपण चांगलं गेलं" या ओळीवर थांबले, उठून पाणी प्यायले आणि मग पुढचं वाचलं.

तर तुझा प्रश्न. तू हो की नाही विचारलंस. नाही. मी तुला शोधलं नाही. देताना तसंच ठरलं होतं, की मागे यायचं नाही. तुला घर मिळालं, चांगले आईबाप मिळाले, त्यात मी कशाला लुडबुड करायची? माझं काम होतं, कामात वर्षं गेली.

रक्ताचं तेवढं डोक्यातून काढून टाक. रक्तात असं काही नसतं ग. ज्या बाईनं तुला वाढवलं तिच्याकडे बघ. तिच्या पोटी तू आली नव्हतीस, तिच्या अंगात तुझं रक्त नव्हतं, मग तिला कुठून आली एवढी ओढ? तिच्या हाताखाली वाढलेली मुलगी कोरडी निघेल होय!

परत लिही. नाही लिहिलंस तरी वेळेवर जेवत जा.

एक बाई


२६ जून

बाई,

उत्तराबद्दल आभार. जळजळ, सूज आणि केसगळती यांवर एवढं सगळं, आणि जे विचारलं त्यावर "कामात वर्षं गेली."

लुडबुड म्हणे! पोटच्या पोरीची आठवण काढणं ही लुडबुड असते हे मला माहीत नव्हतं. एकदा शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून लांबून बघितलं असतं तरी चाललं असतं. मी तर खोट्यालाही तयार होते हो. वर लिहिलं होतं खोटं लिहू नका, पण तुम्ही "हो" लिहिलं असतंत ना, तर मी तपासायला आले नसते.

एक सांगते. आईच्या गल्लीत केस कापणारी एक मावशी आहे. लहानपणी मी तिच्याकडे जायची. मी तिची कुणी लागत नाही. गेली कित्येक वर्षं तिच्या खुर्चीत बसलेही नाही. पण मी आईकडे गेले की बया दुकानातून धावत बाहेर येते, हातातला कंगवा हातातच, आतलं गिऱ्हाईक तोंड वासून बघत बसलेलं. "भिंगरी, जेवलीस का? बारीक का झालीस?" गेल्या महिन्यात माझं पोट बघितलं आणि रस्त्यातच घळाघळा रडायला लागली. मला इतकी लाज वाटली की मी तिलाच समजावत बसले. एका परक्या बाईला माझं एवढं, आणि तुम्हाला "ठरलंच होतं तसं."

तेव्हा उत्तर मिळालं. मला ज्याची भीती होती ते खरं निघालं. आता मी आणि माझं नशीब. पुढे लिहू नका.


५ जुलै

ताई,

तुम्हाला ऐकू कमी येतं, आणि ही गोष्ट दुकानात ओरडून सांगायची नाही. गल्लीत आपल्या दोघींशिवाय ती कुणाला माहीत नाही आणि तशीच राहू दे. म्हणून हे लिहून तुमच्या दारात देते. सोबत भिंगरीची दोन पत्रं आहेत, तीही वाचा.

दुकानाचा पत्ता मी संस्थेत देऊन ठेवला होता. तिथल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, मुलीचं पत्र आहे. माझ्या हातातली कात्री पडली. मला वाटलं तिला कळलं. तर कळलं काहीच नव्हतं! ती तिच्या जन्म देणाऱ्या आईला लिहीत होती आणि ती आई म्हणजे कोपऱ्यावरची मावशी, हे तिच्या स्वप्नातही नाही.

ताई, मी तुम्हाला शब्द दिला होता की तिला कधी कळू देणार नाही. तो मी आजवर पाळला. ती माझ्यासमोर खुर्चीच्या हातांवर टाकलेल्या फळीवर बसून पाय हलवायची, मला शाळेतल्या गमती सांगायची, तेव्हा पाळला. केस कापून टोपी घालून माझ्या दुकानापुढून गेली आणि आत बघितलंही नाही, तेव्हा पाळला. आणि आता तिनं विचारलं, कधी शोधलंत का, तर मी माझ्याच हातानं लिहिलं, नाही. मी! ताई, हे असलं खोटं लिहायला छाती लागते, ती माझ्यात कुठून आली कोण जाणे.

दुसरं पत्र वाचून माझा धीर सुटला. तिनं माझ्यावरून मलाच टोमणा मारलाय. हसू की रडू कळेना, मग दोन्ही केलं.

मला तिच्याकडून काही नको. आई म्हणवून घ्यायची हौसही नाही, ती तुम्ही आहात. पण पोरीला वाटतंय की आपण दगडाच्या पोटी जन्मलो आणि आपणही दगडच होणार. हे ऐकून मला बसवत नाही. मला शब्दातून मोकळं करा. नाही म्हणालात तर मी गप्प बसेन. पण मग तिच्या भीतीचं काय करायचं ते तुम्ही बघा.

तुमची
कात्रीवाली


७ जुलै

कात्रीवाली,

पत्र दारात टाकून पळालीस ते खिडकीतून बघितलं. या वयात पळू नये, पडशील.

उत्तर: नाही.

आता कारण. चेहरा तुझा, हट्ट तुझा, डोक्यावरचे दोन भोवरेसुद्धा तुझे. लोक म्हणतात दोन भोवरे म्हणजे दोन नवरे. हिच्या वाट्याला दोन आया आल्या. तर तिच्यात माझं म्हणावं असं काय आहे? ती मला आई म्हणते, बस्स. तेवढ्या एका शब्दावर मी जगले. उद्या तिला कळलं की दुसरी आई कोपऱ्यावरच होती, आणि या म्हातारीनं सगळं माहीत असून तोंड शिवून घेतलं होतं, तर ती मला काय म्हणेल? तुझं काय जाणार आहे? तू मिळवशीलच. घालवायचं ते मला आहे. त्यात आता बाळ येणार. मी घाबरट आहे आणि या वयात सुधारणार नाही. तेव्हा नाही.

ता. क. वरचं लिहून पाकीट चिकटवलं. मग चहा ठेवला आणि तिची पत्रं परत वाचली. पोटावर हात ठेवते आणि नळ आठवतो म्हणे. ही मुलगी मला रोज फोन करून सांगते, आई, मस्त चाललंय. आणि मी बहिरी, मला तिचा आवाज कापरा आहे हेही कळू नये! तिचा जीव चाललाय आणि मी माझं काय जाईल त्याचा हिशेब मांडून बसलेय. पाकीट फोडलं.

तू काही सांगू नकोस. शब्द मी घेतला होता, मीच सोडते. तिला मी लिहिते. तू दुकान उघड आणि गुपचूप काम कर. आणि रडायचं असेल तर गिऱ्हाईक गेल्यावर. कुणाचा तरी कान कापशील.


९ जुलै

ठमे,

फोनवर सांगितलं असतं, पण तू बोलशील आणि मी "काय? काय?" करत बसेन. जन्म गेला लोकांचे फोन जोडण्यात, आणि आता माझाच लागत नाही. तेव्हा लिहितेय. खुर्ची घे आणि बसून वाच.

आपल्या गल्लीतली केस कापणारी मावशी तुझी आई आहे. जन्म देणारी.

पाणी पी. मग पुढे वाच.

तू साडेतीन वर्षांची होतीस. केस डोळ्यांत जायला लागले म्हणून मी तुला कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं. तू म्हणजे हात लावला की किंचाळणार. पण त्या बाईनं तुला फिरत्या खुर्चीत बसवलं, एक गिरकी दिली, आणि तू खिदळलीस. तेव्हापासून तू तिची भिंगरी. तिनं तुझे केस इतके हळू कापले की मला डुलकी लागली. आणि कापले किती? नखाएवढे! वर म्हणते, "पुढच्या महिन्यात परत आणा." मला वाटलं, बाई धंद्याला पक्की आहे. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. तुझे बाबा म्हणायचे, ही केस कापते की मोजते?

मग एक दिवस मी तुमच्या मागे उभी होते आणि आरशात बघितलं. फळीवर बसलेली तू, आणि तुझ्या डोक्यावर वाकलेला तिचा चेहरा. तेच कपाळ, त्याच भुवया, ओठ दाबून धरायची तीच सवय. तिनं वर बघितलं आणि तिला कळलं की मला कळलं. तिचा हात थांबला. तू मात्र ओरडत होतीस, मावशी, गिरकी दे!

घरी येऊन मी ठरवलं की आता दुकान बदलायचं. बदललंही. दुसऱ्या दुकानात तू त्या माणसाला चावलीस. मी मनात म्हटलं, चला, निमित्त झालं. खरं सांगू, निमित्त मलाच हवं होतं. तिचा तो थांबलेला हात माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता. दुसऱ्या दिवशी एकटी तिच्याकडे गेले आणि म्हटलं, दर महिन्याला आणेन, पण तिला कधी कळता कामा नये. ती म्हणाली, बरं. एवढंच. आभारसुद्धा मानले नाहीत, पुसलेलीच खुर्ची परत पुसायला लागली.

तू तेरा वर्षांची होईपर्यंत मी तुला नेत राहिले. मग तू स्वतः केस कापलेस आणि ते संपलं. त्यानंतर दर महिन्याला ती मला विचारायची, आणाल का? मी म्हणायची, येत नाही म्हणते. बाकी मी काय सांगणार होते?

तिनं तुला "नाही" लिहिलं ते माझ्या शब्दापायी. खोटं तिचं नाही, माझं आहे. माझ्यावर चिड, ओरड, फोन आपट. पण मला आई म्हणायचं बंद करू नकोस. एवढं मागते.

तुझी
आई


२ ऑगस्ट

मावशी,

हे पत्र सरळ दुकानाच्या पत्त्यावर. संस्थेतल्या बाईंना आता सुट्टी.

आईचं पत्र आल्यावर मी बरेच दिवस तिचा फोन उचलला नाही. शेवटी नवऱ्यानं चष्मा पुसत पुसत विचारलं, "दोघी तुझ्यासाठी आपापसात भांडल्या नाहीत, हा राग आहे का?" त्याच्यावर उशी फेकली. मग आईला फोन लावला आणि ती "काय? काय?" करेपर्यंत "आई" हा एकच शब्द ओरडत राहिले. शेजारी येऊन विचारून गेले, सगळं ठीक आहे ना.

तुमच्यावर मात्र मी अजून चिडलेली आहे. दहा वर्षं तुम्ही माझी मान हातात धरून उभ्या होतात! मी तुम्हाला माझ्या सगळ्या मैत्रिणींची भांडणं सांगितली, गणितात नापास झाले ते बाबांच्या आधी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही नुसतं "मान सरळ ठेव" म्हणत होतात. आणि मी तुमच्यावरून तुम्हालाच सुनावलं! ते वाचताना तुम्हाला काय झालं असेल या विचारानं मला घाम फुटतो, आणि लगेच वाटतं, बरं झालं. दोन्ही खरं आहे.

मी तुम्हाला मावशीच म्हणणार. सवय झालीय.

शोधलंत का, याचं उत्तर मिळालं असं आई म्हणते. मला तुमच्याकडून ऐकायचंय. आणि आता "का" सुद्धा सांगा. आणि त्याहून महत्त्वाचं. मला पहिल्यांदा हातात घेतलंत तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं? आता सातवा महिना आहे. पोरगं लाथा मारतं, डॉक्टर खूश आहेत, आणि मी अजून तशीच, कोरडी. गोड बोलू नका. आता तरी नको.

भिंगरी


८ ऑगस्ट

भिंगरी,

तुझं पत्र आलं तेव्हा एका बाईच्या डोक्याला रंग लावत होते. वाचत बसले आणि रंग जास्त चढला. ती आता जांभळी फिरतेय. म्हटलं, अशीच फॅशन आहे.

गोड बोलू नको म्हणालीस. मग ऐक.

मी एकोणीस वर्षांची होते. साबणाच्या कारखान्यात वड्या कागदात गुंडाळायचं काम. माल न्यायला एक ड्रायव्हर यायचा, हसरा होता. पुढचं तुझ्यासारख्या हुशार मुलीला सांगायला नको. तो दुसऱ्या रस्त्याला लागला आणि मी राहिले. वडील आधीच गेले होते. थोरला भाऊ म्हणाला, घरात तुला जागा आहे, दोघींना नाही. तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. मीही घाबरले होते. घाबरलेल्या माणसांनी घाईनं ठरवलेली गोष्ट, एवढंच "का" आहे. याहून मोठं काही कारण असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

तुला माझ्या हातात दिलं तेव्हा काय वाटलं? काहीच नाही. खरं सांगते ग. मला झोप हवी होती. तू लाल होतीस, ओरडत होतीस, आणि मला वाटलं, हे कुणाचं आहे? शेजारच्या खाटेवरची बाई तिच्या बाळाचे पाय मोजत होती, बोटं मोजत होती. मी तुझी बोटं मोजली नाहीत. भावानं कागद पुढे केला, मी सही केली. नर्स तुझा पाळणा ढकलत घेऊन गेल्या आणि मी भिंतीकडे तोंड करून झोपले. मला हलकं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

मग दूध आलं. अंगावरचे कपडे भिजले, मी दचकून उठले आणि शेजारी हात नेला. पाळणा नव्हता. आणि तेव्हा आलं सगळं. एकदम, छाती फोडून. मी एवढी ओरडले की नर्स धावत आल्या. त्यांना वाटलं टाके तुटले.

उभं राहता आल्याबरोबर संस्थेत गेले. म्हटलं, परत द्या. त्या म्हणाल्या, कागद झालेत, घर ठरलंय, चांगलं घर आहे. रोज जायचे. शेवटी मला आत घेईनात. फाटकाशी कपडे धुणाऱ्या बाईला माझी दया आली. ती म्हणाली, रडू नको, तुझी पोर टेलिफोनवाल्या बाईंकडे आहे, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत. बोलून गेली आणि जीभ चावली.

मी या गल्लीत आले. तुमच्या दारात जायची छाती नव्हती. मग विचार केला. मुलांचा डॉक्टर बदलतो, शाळा लांबची असू शकते, पण केस सगळ्यांचेच वाढतात, आणि एवढ्याशा पोरीला कुणी लांब नेत नाही. कोपऱ्यावर दुकान होतं. तिथे केर काढायला राहिले. तोवर मी कात्री फक्त साबणाच्या खोक्यांच्या दोऱ्यांना लावली होती. मालकिणीच्या मागे लागून काम शिकले. माझ्या हातून किती बायकांचे केस बिघडले असतील! तू येशील तेव्हा मला काम यायला हवं होतं ना. दारात लहान मूल दिसलं की हातातलं टाकून पुढे धावायचे. आणि एक दिवस तू आलीस.

शोधलं का, विचारतेस. वेडे, मला दुसरं काही येतच नाही. हा धंदा मी तुला शोधायला शिकले.

आता तुझ्या भीतीचं. तुला आत काही वाटत नाही ना? नसू दे. कुणाला पोटात असतानाच वाटतं, कुणाला बघितल्याबरोबर, कुणाला उशिरानं. माझं उशिरा आलं आणि तोवर माझा हात रिकामा झाला होता. तेवढी एकच चूक तू करू नकोस. काही वाटलं नाही तरी त्याला जवळ ठेव. पाज, झोपव, पुस. लोकांना दाखवायला खोटं हसू नकोस. नुसती थांब. ते येतं. मी माझ्या जिवावर सांगते तुला, ते येतं.

आणि लिफ्टच्या छपरावरून उतरलीस की नाही ते अजून लिहिलं नाहीस. मला लगेच कळतं.

मावशी


३ नोव्हेंबर

मावशी,

मुलगा झाला. तारेसारखं दोन शब्दांत आईनं तुम्हाला सांगितलंच आहे, "बाळ-बाळंतीण ठीक." ठीक कुठलं! आता खरं ऐका.

हातात दिला तेव्हा काहीच वाटलं नाही. चेहरा एखाद्या रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा. नवरा रडत होता, आई रडत होती, आणि मी छताकडे बघत होते. मला एवढी भीती वाटली की दात वाजायला लागले. मग तुमचं वाक्य धरून बसले. थांबायचं. पाजलं, पुसलं, झोपवलं. आईनं विचारलं, कसा आहे ग आपला राजा? मी म्हटलं, वजन बरं आहे. ती हसली, पण माझ्या पाठीवरचा हात तिनं काढला नाही.

काल सकाळी डोळा लागला होता. जागी झाले तर पाळणा दाराबाहेर चालला होता. एक नर्स तो ढकलत नेत होती. मावशी, मी उठले. टाके, सलाईन, चप्पल, कशाचं भान नाही. त्या लांबलचक बोळातून ओरडत धावले, "कुठे नेताय त्याला? माझा आहे तो! माझा आहे!" सगळी दारं उघडली. नर्स घाबरून म्हणाली, अहो, टोचायला नेतेय, दोन मिनिटांत आणते.

आणलाही दोन मिनिटांत. त्याला छातीशी धरलं तेव्हा मी इतकी रडत होते की त्याचं डोकं भिजलं. मी त्याची बोटं मोजली. सगळी आहेत.

पण त्या दोन मिनिटांत मी भिंतीला धरून उभी होते ना, तेव्हा मला तुम्ही दिसलात. एकोणीस वर्षांच्या. तुमच्या दारातून पाळणा गेला आणि तो आलाच नाही. माझी दोन मिनिटं सरली, तुमची सरलीच नाहीत. इतकी वर्षं मी मनात विचारत होते की मला देऊन टाकताना तुम्हाला काय वाटलं. तुमच्याकडून काय गेलं, हे मला काल कळलं. मावशी, माझा राग मी सगळीकडे शोधला. आता सापडत नाही.

दुकानाला कुलूप लावा आणि या. आई म्हणते, तिला आजच यायला सांग, उद्या कशाला. तिनं खाटेजवळ तुमच्यासाठी खुर्ची आणून ठेवलीय. सध्या तीच त्यावर बसलीय आणि बाळाला कुणाला हात लावू देत नाही, पण तुम्ही आलात की उठेल.

भिंगरी